माइकच्या जाळीतलं मेण

२ फेब्रुवारी

पोचले एकदाची. बस फाट्यावर सोडून गेली. तिथून चढ, आणि चढ संपतो तिथे हे घर. पुढे रस्ताच नाही, नुसती झाडं. बॅग, गादीची वळकटी आणि मी, तिघी धापा टाकत वर आलो.

घर दुमजली. खाली घरमालकीण काकू आणि त्यांचे मिस्टर, वर एकच खोली, ती माझी. जिना बाहेरून. खाट, टेबल, खुर्ची, रस्त्याकडे गजाची खिडकी. आणि टेबलावर पाहुणा येणार म्हणून पुसून ठेवल्यासारखा तो: शॉर्टवेव्ह रेडिओ, वर उचलायची दांडी, पोटात कॅसेट रेकॉर्डर. एरियल पूर्ण ओढली तर माझ्या नाकाला लागते. हॉस्टेलमध्ये एकीच्या मामाने तिला असाच आणून दिला होता, ती आम्हाला त्यावर बोट टेकवू द्यायची नाही. इथे तो अख्खा माझा.

काम काय ते सांगितल्यावर ताई खुर्चीवरून पडायची बाकी होती. दिवसातून तीनदा, नऊ, बारा आणि चारला, ठरलेल्या एकाच जागी काटा लावायचा. दहा मिनिटं रेकॉर्ड करायचं. आवाज किती स्पष्ट, खरखर किती, मधे दुसरं स्टेशन घुसतंय का, ते वहीत लिहायचं. शनिवारी कॅसेटी पोस्टाने पाठवायच्या. ताई म्हणाली, जिचं तोंड बंद करायला आम्ही सगळे थकलो तिला गप्प बसून ऐकायची नोकरी, देव आहे. मी म्हटलं, हसा. रेडिओत निवेदिकेच्या जागेसाठी आवाजाची चाचणी देऊन आलेय, उत्तर यायला महिना तरी जाणार, तोवर फुकट घरी बसण्यापेक्षा हे बरं.

खिडकीतून फाट्यापर्यंतचा सगळा रस्ता दिसतो. कोण येतंय ते पाच मिनिटं आधी कळेल. मस्त.

३ फेब्रुवारी

पहिला दिवस. ड्रॉवरमध्ये कार्यालयाने टाइप केलेला कागद आहे, त्यात सगळं लिहिलंय. स्विच 'रेडिओ'वर ठेवावा, 'माइक'वर नेऊ नये. प्ले आणि रेकॉर्ड ही बटणं एकदम दाबावीत. झाल्यावर कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही छोटे तुकडे मोडावेत, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येणार नाही. हे सगळं समजण्यासारखं. शेवटचं मात्र गमतीचं: रेकॉर्डिंग चालू असताना खोलीत कुणीही बोलू नये. स्विच रेडिओवर असला की माइक बंदच असतो, मी इथे बँड लावून नाचले तरी कॅसेटला कळणार नाही. पण कार्यालय म्हटलं की एक तरी बिनकामाचा नियम हवाच.

स्टेशन सापडायला वेळ लागला. काटा केसभर इकडे गेला की शिट्टी, तिकडे गेला की कढईत तळण पडल्यासारखी खरखर. मग एकदम स्वच्छ. नवाला एक म्हातारी बाई, बाराला एक तरुण मुलगा, चारला मध्यम वयाचा माणूस. तिघंही तीच वाक्यं म्हणतात, दहा मिनिटं, पुन्हा पुन्हा. पाऊस थांबला. दूध उतू जातंय. पायऱ्या मोजा. दार लोटून घ्या. मी इथेच आहे.

स्पष्टपणा तपासायची वाक्यं असणार. उच्चार छान आहेत, पण निवेदक नाहीत हे लोक. घरातली माणसं घरात बोलतात तसं बोलतात. चारचा माणूस तर 'दार लोटून घ्या'च्या आधी दर वेळी एक छोटासा खाकरा काढतो, हं, असा. आमच्या चाचणीत मी असं केलं असतं तर घरी पाठवलं असतं.

६ फेब्रुवारी

काका, म्हणजे काकूंचे मिस्टर, बोलत नाहीत. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात, मी दिसले की हात वर करतात, चेहरा सज्जन. मी विचारलं, जन्मापासून का. काकूंनी माझ्याकडे मी शिवी दिल्यासारखं बघितलं. म्हणाल्या, गप्पा मारून मारून लोकांना पळवून लावायचे, जन्मापासून काय. दोन वर्षं झाली. डॉक्टरला काही सापडत नाही.

माझ्या आधी इथे एक रिटायर्ड मास्तर होते. हेच काम करायचे. काकू त्यांचं नाव काढलं की भांडी जोरात ठेवतात. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी निघून गेले म्हणे, चहासुद्धा न घेता. नंतर ही खोली रिकामीच होती.

आणि एक. आज तिसऱ्यांदा असं झालं. चारला मी बटणं दाबली आणि दाराबाहेर काकू. कोरडे हात पदराला पुसत उभ्या. मी खुणेने आत या म्हटलं, त्यांनी नाही म्हणून मान हलवली. दहा मिनिटं संपल्यावर म्हणाल्या, वाळत घातलेले कपडे काढायला आले होते. दोरीवर एक कपडा नव्हता.

९ फेब्रुवारी

मी वेडी नाही. यंत्राला टेपचे आकडे दाखवणारी छोटी खिडकी आहे, मी ती रोज शून्यावर आणून ठेवते. काल अंघोळीला गेले तेव्हा शून्य. आले तेव्हा १४७. आत कॅसेट गुरुवारची, चारची. मी बाराची ठेवली होती.

तुकडे मोडलेले आहेत, म्हणजे कुणी त्यावर काही भरलेलं नाही. म्हणजे कुणीतरी ऐकलं. वीस-बावीस पायऱ्या चढून, चोरून, 'दूध उतू जातंय' ऐकायला कोण येतं?

शनिवार म्हणून पोस्टमन आला. बोलघेवडा आहे, तीन मुलींचा बाप, तिघींच्या खोड्या मला पाठ झाल्या. त्याला पाकीट देताना काकू खालून बघत होत्या. पाकिटाकडे, माझ्याकडे नाही. हातचं जात असलेलं काहीतरी आपलं असल्यासारख्या.

११ फेब्रुवारी

आईला बोलतं पत्र पाठवायचं ठरवलं. तिला वाचता येत नाही. आकडे कळतात, बस रंगावरून ओळखते, सही करते ती चित्र काढल्यासारखी. पण बोलणं विचारू नका. नुसतं हो म्हणायला पाच वाक्यं लागतात. आमच्याकडे सगळ्या बायकांना ती लागण आहे, मी, ताई, ताईची चिमणी. पाच वर्षांची आहे आणि झोपेतसुद्धा बडबडते, र आणि स म्हणता येत नाहीत तरी.

मास्तरांची एक जुनी कॅसेट सापडली. तुकडे मोडलेले, त्यामुळे रेकॉर्डचं बटण दाबलंच जाईना. भोकांवर चिकटपट्टी लावली, मग दबलं. स्विच माइकवर नेला. (कार्यालयाला काय कळतंय.) पाच मिनिटं आईशी बोलले, मागे नेऊन ऐकलं तर नुसती शांतता. माइकची जाळी निरखून बघितली. भोकं पिवळट काहीतरी घालून बुजवलेली. नखाने खरवडलं, मेणबत्तीचं मेण. आत खोलवर, नीट दाबून भरलेलं.

मान वर केली तर काकू दारात. विचारलंही नाही मी, त्या आपणहून म्हणाल्या, घाण साचलीय, काढ. किल्ल्यांच्या जुडग्यातली सेफ्टी पिन सोडवून दिली. मी एकेक भोक मोकळं करेपर्यंत हलल्या नाहीत. मेणाचे कण मी फुंकणार होते, त्यांनी तळहात पुढे केला, सगळे गोळा केले आणि घेऊन गेल्या.

मेणाचं काय करायचंय त्यांना?

असो. माइक झकास चालतो. आईशी अर्धा तास बोलले. सकाळी साडेदहाची वेळ, स्टेशन तेव्हा नसतंच.

१४ फेब्रुवारी

वहीची आधीची पानं वाचली. मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं. शेऱ्याच्या रकान्यात रोज तेच: स्पष्ट, स्पष्ट, किंचित खरखर. चारला रोज 'स्त्री'. मग एक दिवस अचानक 'पुरुष'. आणि पुढे, शाई फुटेपर्यंत पेन दाबून: आवाज ओळखीचा.

त्यानंतर पान कोरं. नंतरचं अक्षर माझं.

१७ फेब्रुवारी, रविवार

ताई आणि चिमणी आल्या. सकाळच्या बसने येऊन संध्याकाळच्या बसने गेल्या. घर एका दिवसात भरल्यासारखं झालं. चिमणीने पायऱ्या मोजल्या, दर वेळी वेगळा आकडा आला, त्यावर माझ्याशी भांडली. रेडिओची एरियल आत-बाहेर करून झाली. मावशी, ह्याच्या पोटात कोण लाहतं, हा प्रश्न अकरा वेळा.

चारला तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, आता चुप्प. ती चुप्प बसली. अर्धा मिनिट. तेवढ्यात काकू वर आल्या, बिस्किटं घेऊन. आजवर उंबरा न ओलांडलेल्या काकू आत आल्या, खाली वाकल्या आणि तिला विचारायला लागल्या. शाळेत जातेस का. बाई मारते का. तुझ्या मैत्रिणी किती, त्यांची नावं काय, गोष्ट येते का, सांग बरं सगळी. चिमणीला एवढं कुणी विचारलं नव्हतं कधी. ती सुटलीच. मी ओठावर बोट ठेवलं, पण खरं सांगायचं तर मनावर घेतलं नाही. स्विच रेडिओवर होता. मी तो स्वतः बघितला होता.

दहा मिनिटं झाल्यावर काकू मधल्या वाक्यात उठल्या आणि गेल्या. ताई म्हणाली, किती प्रेमळ आहेत गं.

रात्र पडायच्या आत कॅसेट तपासली. चिमणी त्यात आहे. स्वच्छ. माइक बंद असताना. सुरुवातीला तिच्या आवाजाखाली तो माणूसही आहे, पायऱ्या मोजा, हं, दार लोटून घ्या. मग चौथ्या मिनिटाला तो थांबतो. वाक्य अर्धं सोडून. पुढची सहा मिनिटं नुसती चिमणी, आणि तिच्या मागे खरखरसुद्धा नाही. कुणीतरी कान देऊन ऐकत असल्यावर असते तशी शांतता.

स्विच बिघडला असेल. पिनने आत काही तुटलं असेल.

१८ फेब्रुवारी

नऊला म्हातारी. बाराला मुलगा. दोन्ही नेहमीसारखे.

चारला तो माणूस नव्हता. चारला लहान मुलगी होती.

पाऊश थांबला. दूध उतू जातंय. पायल्या मोजा. दाल लोटून घ्या. मी इथेच आहे.

मी वहीत 'स्पष्ट' असं लिहिलं. हात आपोआप लिहून गेला. मग खाली धावले, फोन करायला. मी पोचायच्या आधीच तो वाजत होता. ताई. म्हणाली, पोरगी सकाळपासून एक शब्द बोललेली नाही. ताप नाही, घसा लाल नाही. तोंड उघडते, ओठ हलवते, आणि मग स्वतःच घाबरून रडते. तेही आवाज न करता. तू तिला काही खायला दिलं होतंस का?

मी नाही म्हटलं. काकू स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या होत्या. नळ चालू, खाली भांडं नाही.

१९ फेब्रुवारी

सकाळी खालून हसण्याचा आवाज आला. पुरुषाचा.

जिन्यावर बसून ऐकलं. पाणी मागत होता. कपात साखर कमी आहे म्हणत होता. काकूंना लाडाच्या नावाने हाक मारत होता आणि काकू रडत होत्या. दर दोन-चार वाक्यांनी एक छोटा खाकरा. हं.

दोन आठवडे मी हा आवाज रोज चारला रेकॉर्ड करतेय. मला तो झोपेतही ओळखता येईल.

कॅसेट १४७ वर का होती ते कळलं. त्या कपडे काढायला येत नव्हत्या. नवऱ्याला ऐकायला येत होत्या.

२० फेब्रुवारी

विचारलं. तोंडावर. मला वाटलं नाकारतील, कांगावा करतील. काकूंनी खुर्ची दिली, चहा दिला, सगळं सांगितलं. डाळ कशी शिजवायची ते सांगावं तितक्या सरळ.

काका आणि मास्तर रोज वर कॅरम खेळायचे. एक दिवस डाव रंगात आलेला, चार वाजले, मास्तरांनी बटणं दाबली. बोलू नका हा नियम मास्तरांनाही बिनकामाचा वाटायचा. ह्यांची तर टकळी चालूच. दुसऱ्या दिवशी हे मुके आणि चारला रेडिओवर हे. मास्तरांनी मेणबत्ती वितळवून जाळी बुजवली आणि पळाले. काकू म्हणाल्या, मेण घालून पाप झाकलं त्याने. कुणी आत गेल्याशिवाय कुणी बाहेर येत नाही एवढं त्यालाही कळलं होतं. स्वतः जायची हिंमत नव्हती. त्या वेळेला, त्या दहा मिनिटांत, जाळीसमोर जो सलग बोलत राहील तो आत, तुटक प्रश्न विचारणारा नाही. आधीचा सुटतो.

मी म्हटलं, मग तुम्ही का नाही बोललात. तुम्ही जायचं होतं.

त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाल्या, दोन वर्षं रोज ठरवायचे गं पोरी. पण मग हे सुटून माझ्याशी बोलले असते, आणि मी मुकी, उत्तर कशाने देणार.

आणि मग म्हणाल्या, तू जाशील असं वाटलं होतं मला. पिन तुझ्यासाठी दिली होती. तू एकटी असताना गप्प बसायचीस. नियम पाळणारी निघालीस. मुलगी आपणहून आली.

चहा मी प्यायले. आता लिहिताना कळतंय की प्यायले.

कार्यालयाला तार केली. त्यांच्या कागदाखाली पत्त्यात नुसता टपाल पेटी क्रमांक आहे.

२१ फेब्रुवारी

काकूंना वर बोलावलं, साडेतीनला, रेडिओ बघा बिघडलाय म्हणून. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभ्या राहिल्या, हाताने नाही म्हटलं. चारच्या आसपास आता त्या घराबाहेरच जातात, काकांना घेऊन. फाट्यापर्यंत फिरायला. काकांचा आवाज रस्त्याने लांब लांब जाताना ऐकू येतो.

पावणेचारला पोस्टमन आला. कार्यालयाची उत्तराची तार घेऊन. एक ओळ: रेकॉर्डिंगच्या वेळी खोलीत शांतता पाळावी.

मी त्याला वर बोलावलं. हो, मी. पाणी दिलं. चार वाजायला दोन मिनिटं असताना विचारलं, धाकटी काय म्हणतेय. आणि बटणांवर बोटं ठेवली. तो सांगायला लागला, तिने शाळेत बाईंच्या पर्समध्ये बेडूक—

मी वायर ओढली. त्याला म्हटलं, जा, मला बरं वाटत नाहीये. बिचारा घाबरून गेला. गेल्यावर मी खूप वेळ जमिनीवर बसले होते. मी काकूंना काय काय बोलले होते काल. आणि मला एकच दिवस लागला.

आज चारचं ऐकलंच नाही. पण ती तिथे असणार. ऐकणारं नसलं तरी.

२२ फेब्रुवारी, दुपारी तीन

ताईचा फोन. चिमणी पाटीवर चित्र काढते. एक चौकोन, त्याला एक लांब काठी, आत एक मुलगी. ताई म्हणते, ही काय मोटार आहे का.

मी ठरवलंय. फार विचार केला तर करणार नाही.

शेवटचं मोठ्याने काय म्हणायचं असतं? अर्धा तास झाला, सुचत नाहीये. आयुष्यभर ज्या गोष्टीची कमी पडली नाही तीच नेमकी. चाचणीत मला एक बातमीपत्र वाचायला दिलं होतं, ते अजून पाठ आहे. तेच वाचेन. नीट. उच्चार सांभाळून. दहा मिनिटं पुरेल.

चार वाजून वीस

झालं. चिमणी दुसऱ्या मिनिटाला थांबली. मी पुढे वाचत राहिले. कुणीतरी ऐकत होतं. फार मन लावून. माझं इतकं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

शेवटचं वाक्य अर्ध्यात

ओठ हलले

२३ फेब्रुवारी

फोन काकूंनी घेतला आणि माझ्या कानाला लावला. चिमणी. मावशी तू का बोलत नाहीश. मावशी मला शगळ्यांनी आइशक्लीम दिलं. मावशी. मावशी.

मी रिसीव्हरवर टिचक्या मारल्या. तिला वाटलं खेळ आहे. तिनेही मारल्या.

चारला मी होते. दूध उतू जातंय. काय आवाज आहे माझा. मला माहीतच नव्हतं.

२५ फेब्रुवारी

मेणबत्ती आणली. जाळी बुजवली. मास्तरांपेक्षा खोल. आता कुणी नाही. माझ्यावर संपलं.

ताईला सविस्तर पत्र लिहिलं. पत्र मिळताच न्यायला ये, येताना बोलू नकोस, का ते भेटल्यावर दाखवते. तिला वाटेल मी ठार वेडी झाले. वाटू दे.

रेडिओ केंद्राचं पाकीट आलंय. जाड आहे. उघडलं नाही.

२७ फेब्रुवारी

काकू फार चांगलं वागतात. चांगुलपणाचीच भीती वाटते. मिठाचं पाणी, मऊ भात, उशाशी फुलं. काकांची नजर मात्र चुकवता येत नाही, ते माझ्यासमोर बोलत नाहीत. लाजतात.

काकू आज केस विंचरून देत होत्या. म्हणाल्या, तू माझ्यासाठी नाही केलंस, मला ठाऊक आहे. पण माझं घर बोलतं झालं ते तुझ्या भाचीमुळे, आणि तिच्या पायी तू अशी बसलीस. मला हे बघवत नाही. मी कुणाचं ठेवून घेणारी बाई नाही.

म्हणजे काय? मी वहीत लिहून विचारलं. म्हणजे काय?

त्यांनी वाचलं आणि वेणी घालत राहिल्या.

फोनजवळ भिंतीवर नंबर लिहिलेत. ताईचा. त्याखाली आईच्या शेजारणीचा. तो काल नव्हता. अक्षर काकूंचं.

१ मार्च

उठले तर टेबल रिकामं. धुळीत नुसता चौकोन.

तो उचलून नेता येतो. दांडीच आहे त्याला.

दार बाहेरून लावलंय.

दीड

काकू खिडकीखालून बोलल्या. घाबरू नकोस. आजचा दिवस. तुझं तुला परत मिळेल.

ताईला लिहिलेलं पत्र अजून पोचलं नसेल. पाच दिवस लागतात—

तीन

व्हरांड्यात रेडिओ. मला वरून अर्धा दिसतो. कठड्यावर ठेवलाय, एरियल पूर्ण ओढलेली. काकू वाकून काहीतरी करताहेत. हातात सेफ्टी पिन

पावणेचार

बस. फाट्यावर. एकच माणूस उतरलं.

पिशवी डाव्या हातात, दोनदा थांबून श्वास. ही चाल मला

ताटली वाजवायला घेतली. मग थांबले. आवाज केला तर ती वर बघेल. वर बघितलं की हाक मारेल. बोलायलाच लागेल. मी काहीही केलं तरी ती बोलायलाच लागेल.

चारला चार मिनिटं कमी

वळणावर. आता झाडामागे. पुन्हा दिसली.

वहीचं पान फाडलं. मोठ्या अक्षरात. आई बोलू नकोस. गजातून बाहेर धरलं, फडफडवलं. तिने पाहिलं. हसली. थांबली, कागदाकडे डोळे बारीक करून

तिला वाचता येत नाही. तिला वाचता येत नाही

ओठावर बोट ठेवलं. तिनेही ठेवलं. मान डोलावली. गंमत वाटतेय तिला, मी लपाछपी

ती गप्प आहे. खरंच गप्प. फाटक उघडलं. बोट अजून ओठावर. शहाणी माझी

खाली बटणं दाबल्याचा आवाज. दोन, एकदम.

माझा आवाज. पाऊस थांबला. पायऱ्या मोजा. मी इथेच आहे

आईने ऐकलं. व्हरांड्याकडे धावतेय, तिला वाटतंय मी तिथे— काकूंनी खुर्ची पुढे केली, काहीतरी विचारलं, आई रेडिओकडे वाकली, बोट ओठावरून काढलं आणि